दर्शन, स्पर्शन, प्रश्न

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात, जेथे शिष्याच्या उपनयनाचा विधी सांगितला आहे, तेथे आचार्य त्या नवख्या वैद्याला आज्ञा करतात की ब्राह्मण, गुरू, दरिद्री, मित्र, संन्यासी, साधू, अनाथ आणि दारी आलेला अभ्यागत यांच्यावर त्याने आप्तस्वकीयांवर करावेत तसे, पदरच्या औषधांनी उपचार करावेत. आणि हे उदात्त वचन जेथे संपते तेथेच, मध्ये श्वास घेण्याइतकीही उसंत न ठेवता, दुसरी आज्ञा येते की व्याध, शाकुनिक, पतित आणि पापकर्मी यांच्यावर मात्र उपचार करू नयेत. व्याध म्हणजे पारधी, शाकुनिक म्हणजे पाखरे धरणारा. हा अध्याय मी पांढरकवड्यात बसून वाचला आणि वाचता वाचता थांबलो. कारण आमच्या या यवतमाळ जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत, त्या बेड्यांतील बायामुले बाजाराच्या दिवशी आमच्या डोळ्यांसमोरून जातात, आणि दोन हजार वर्षांमागे लिहिलेल्या एका शास्त्रग्रंथाने ज्यांना नाव घेऊन औषध नाकारले ती माणसे माझ्यापुरती कोशातील शब्द नव्हती.

सुश्रुताला दोष लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या काळात त्याने शल्यकर्माची एवढी सूक्ष्म व्यवस्था लावली त्या काळाचे भान मला आहे, आणि दरिद्री व अनाथ यांना वैद्याच्या आप्तांच्या पंक्तीला बसविणारा हा आचार्य किती मोठा होता हेही मी विसरत नाही. चरकसंहितेचीही हीच कथा आहे. जिने भूतदया हाच चिकित्सेचा परम हेतू सांगितला, तिच्याच विमानस्थानातील शिष्योपदेशात असे येते की राजा ज्यांचा द्वेष करतो, जे राजाचा द्वेष करतात आणि महाजन ज्यांचा द्वेष करतात अशांना औषध देऊ नये. यातले अखेरचे विशेषण मला फार दिवस सतावीत आले आहे. राजाच्या रोषाचे भय समजू शकते. परंतु समाज ज्याचा द्वेष करतो तो रोगी वैद्यालाही वर्ज्य, असे एकदा ठरले की समाजाच्या द्वेषाला औषधाच्या पेटीत रीतसर जागा मिळते, आणि मग त्या पेटीतून कोणाला काय द्यावयाचे हे रोगावरून न ठरता रोग्याच्या जन्मावरून ठरू लागते. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी पारध्यांसारख्या कित्येक जमातींची नावे दप्तरात चढली, त्यांची हजेरी घेतली जाऊ लागली आणि पाळण्यातील मूलही सरकारदरबारी संशयित ठरले. राजद्विष्ट आणि महाजनद्विष्ट ही दोन्ही विशेषणे अशी एकाच माणसाच्या कपाळी जन्मतःच लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. दप्तरातील नोंद हुकमाने पुसता येते; वैद्याच्या डोळ्यांत, हातात आणि जिभेवर जी नोंद बसलेली असते ती कशाने पुसावयाची, हा माझ्या मते वैद्यकाचा आणि धर्मशास्त्राचा सामाईक प्रश्न आहे.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठाणे. नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता गावाला लागून जातो, दोन्ही अंगांना पऱ्हाटीची शेते पसरलेली आहेत, आणि रस्ता सोडून टेकड्यांकडे वळले की कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिदुर्बल मानल्या गेलेल्या आदिवासी जमातींपैकी एक; कातकरी आणि माडिया या उरलेल्या दोन. त्यांची कोलामी भाषा द्राविडी कुळातील, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. गोंड, परधान, आंध हेही याच मुलखातले. आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी गावातच असल्यामुळे दाखल्यांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, अर्जावर शिक्का मारून घेण्यासाठी हे लोक येतात, आणि अंगात ताप भरला की दवाखान्यातही येतात. अशा एखाद्या दवाखान्याच्या बाकावर जो दोन घटका निमूटपणे बसेल, त्याला पुढील विवेचनातील बहुतेक गोष्टी माझ्यावाचूनही दिसतील.

आपल्या परंपरेने रोगपरीक्षेची तीन द्वारे सांगितली आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्य पाहतो, हात लावतो आणि विचारतो. यंत्रे कितीही आली तरी या तीन क्रियांच्या बाहेर वैद्यक गेलेले नाही. पक्षपात ज्या वाटांनी आत येतो त्या वाटाही याच तीन आहेत.

दर्शनापासून आरंभ करू. रक्तक्षय झालेला माणूस पांढरा पडतो, प्राणवायू कमी झालेला निळा पडतो, कावीळ झालेला पिवळा दिसतो, असे आपण म्हणतो. पण हे सारे रंग कोणत्या कातडीवर दिसतात? आधुनिक वैद्यकाची पाठ्यपुस्तके ज्या देशांत लिहिली गेली तेथील रोगी गोरे होते, चित्रे त्यांची होती, आणि लाल चट्टा म्हणजे गोऱ्या कातडीवरचा लाल चट्टा असे समीकरण त्या पुस्तकांबरोबर जगभर गेले. लंडनच्या सेंट जॉर्जेस येथील मलोन मुकवेंडे नावाच्या एका विद्यार्थ्याला शिकता शिकताच हे जाणवले, आणि आपल्या अध्यापकांना बरोबर घेऊन त्याने २०२० साली काळ्या व सावळ्या त्वचेवर रोगचिन्हे कशी दिसतात याची एक पुस्तिका तयार केली. ही उणीव एका शिकाऊ विद्यार्थ्याच्या ध्यानी यावी आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकविणाऱ्यांच्या येऊ नये, याचे कारण बुद्धीचा अभाव हे नव्हे; पुस्तकातील शरीर हेच मनुष्याचे सामान्य शरीर, असे एकदा मनाने धरले की उरलेली शरीरे आपोआप अपवाद होतात.

यंत्रेही या दोषातून सुटत नाहीत. बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगणारे ऑक्सिमीटर प्रकाशाच्या साहाय्याने चालते, आणि तो प्रकाश त्वचेतून जावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की यंत्र समाधानकारक आकडा दाखवीत असताना प्रत्यक्षात रक्तातला प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असण्याचा प्रकार गोऱ्या रोग्यांपेक्षा काळ्या रोग्यांत सुमारे तिप्पट आढळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली होती, आणि आशाताई व इतर कर्मचारी तेच यंत्र घेऊन घरोघर फिरल्या होत्या. उन्हात राबून काळवंडलेल्या कातडीवर तो आकडा किती खरा, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. यंत्र म्हणजे निःपक्षपाती साक्षीदार, अशी माझी श्रद्धा होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. वैद्याने समदर्शी असावे, त्याला सर्व रोगी सारखे, तर मग त्याने कातडीचा रंग आणि रोग्याची जमात पाहावयाचीच कशाला? गीतेच्या पाचव्या अध्यायात पंडिताचे जे लक्षण सांगितले आहे, की विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक या सर्वांच्या ठायी तो सम पाहतो, त्याचा अर्थ भेद न पाहणे असाच आपण बहुधा लावतो. परंतु त्या वचनातील उदाहरणांकडे नीट पाहावे. गाय आणि हत्ती यांची शरीरे एकसारखी आहेत असे गीता म्हणत नाही. आणि दोघांना एकच मात्रा देणारा वैद्य समदर्शी ठरत नाही, अनभिज्ञ ठरतो. समत्व आहे ते योग्यतेचे, आत्मतत्त्वाचे. शरीराच्या बाबतीत भेद पाहणे हेच ज्ञान. माझे सगळे म्हणणे या एका भेदात आहे. वैद्याने देहाचे वेगळेपण बारकाईने पाहावे आणि माणसाच्या मोलात वेगळेपण लवमात्र पाहू नये. आणि आपल्या शिक्षणाने नेमके याच्या उलट घडविले आहे. कोलाम बाईचे शरीर पुस्तकातल्या शरीरासारखेच आहे असे धरून तिला तपासतात, आणि ती बाई मात्र आपल्यासारखी नाही असे धरून तिच्याशी बोलतात.

या उलटापालटीचा सर्वांत दुःखद दाखला सिकलसेलचा आहे, आणि विदर्भात त्याविषयी कोणाला फारसे सांगावे लागू नये. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटाहून शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्या प्रसिद्ध केल्या. तेव्हापासून अमेरिकेतील वैद्यकाने ही काळ्या लोकांची व्याधी असे पक्के धरले; इतके, की तीच लक्षणे एखाद्या गोऱ्या रोग्यात आढळली तर सिद्धान्ताविषयी शंका न घेता त्या रोग्याच्या कुळाविषयी शंका घेतली जाई. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हाच दोष सापडला, तेव्हाही काही काळ त्याचा धागा प्राचीन वंशांच्या स्थलांतराशी जोडण्याचा प्रयत्न झाला. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेल्या माणसाला हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे त्याचा नकाशा वंशाचा नसून डासाचा होता. नागपुरातही १९५८ पर्यंत त्याची नोंद झाली होती, आणि पुढे आमच्या विदर्भात तो गोंड-कोलामांप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजात, तेल्यांत आणि कुणब्यांतही आढळला. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या नांदला तेथील माणसांच्या रक्ताने हा महाग उपाय शोधून काढला होता. जात आणि वंश ही नावे मागाहून चिकटली.

वंशाच्या कल्पनेला शास्त्राचा पोशाख घालणारे आपल्याकडेही होऊन गेले. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड सिद्ध करू पाहिली; डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्याच प्रकारच्या मापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत हे दाखविले. आणि इरावती कर्वे यांची गोष्ट तर मराठी वाचकाने अभिमानाने स्मरावी अशी आहे: बर्लिनमध्ये, युजेन फिशर यांच्यासारख्या वंशवादी गुरूच्या हाताखाली, माणसांच्या कवट्या मोजून त्या तरुण विदुषीने असा निष्कर्ष काढला की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही. गुरूला हवे ते न लिहिता मापाने सांगितले ते लिहिणे, ही दर्शनाची शुद्धी होय.

आता स्पर्शन. याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण एकच हकीकत पुरेशी आहे. १९२९ साली गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापले गेले, आणि बाबासाहेबांनी पुढे ते आपल्या आठवणींत उद्‌धृत केले. त्या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत जाईना. पुष्कळ विनवण्यांनंतर तो आला तो वस्तीच्या बाहेर थांबला, आणि तापमापक त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच हातांनी तो परत आला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा वाचला आणि न्युमोनिया असल्याचे सांगितले. ती बाई वाचली नाही. त्या डॉक्टरचे निदान कदाचित अचूक होते, त्याची विद्याही खरी होती. परंतु दोन हात मध्ये घालून पोहोचणारी विद्या उशिरा पोहोचते. आज असे उघड कोणी करीत नाही. तथापि छातीवर नळी न ठेवता केसपेपरवर औषध लिहून मोकळे होणे, कपड्यांचा वास येतो म्हणून खुर्ची मागे सरकविणे, हे हात न लावण्याचेच सभ्य प्रकार होत, आणि ते कोणाच्या वाट्याला येतात हे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

तिसरे द्वार प्रश्नाचे. आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण वेदनेला दुसरे द्वारच नाही. ताप मोजता येतो, रक्त तपासता येते; परंतु दुःख किती होते हे रोग्याने सांगावे लागते आणि वैद्याने त्यावर विश्वास ठेवावा लागतो. सिकलसेलच्या रोग्याला जेव्हा कळांचा झटका येतो तेव्हा कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांना रक्त मिळत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सूज नाही, जखम नाही, काही नाही. ‘हाडं दुखते साहेब, लय दुखते,’ एवढेच ती पोरगी सांगू शकते. आणि तेही मराठीत, जी तिची मायबोली नव्हे. अशा पोरीला ‘नाटकं करते’ असे म्हटलेले मी स्वतः, या मुलखातल्या एका दवाखान्यात, ऐकले आहे. तिच्या आईने त्यावर काही उत्तर दिले नाही. पोरीच्या गुडघ्यांवरून ती हात फिरवीत राहिली.

न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले आहे, आणि आप्ताचे वचन म्हणजे शब्दप्रमाण. मग आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायभाष्यात याचे जे उत्तर दिले आहे ते आपल्या सर्व वैद्यकीय महाविद्यालयांच्या भिंतींवर कोरावे इतक्या योग्यतेचे आहे: ज्याला वस्तूचा साक्षात्कार झाला आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. स्वतःच्या हाडांतील वेदनेचा साक्षात्कार त्या कोलाम मुलीवाचून दुसऱ्या कोणाला आहे? त्या विषयात ती आप्त आहे आणि समोरचा पदवीधर अनाप्त आहे. तिच्या शब्दावर अविश्वास दाखविणे हे प्रथम प्रमाणशास्त्राचे अज्ञान आहे. दयेचा अभाव ही त्याच्या नंतरची गोष्ट.

हा अविश्वास शिकविला जातो, हेही आता लपून राहिलेले नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासात असे निघाले की गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांच्या मनात काळ्या माणसाची कातडी जाड असते यासारखी एखादी तरी खोटी समजूत पक्की होती, आणि ज्यांची ती अधिक दृढ होती ते काळ्या रोग्याची वेदना कमी धरीत आणि उपचारही तितके योग्य सुचवीत नसत. आमच्याकडे ‘या लोकांना सवय असते’ हे वाक्य तेच काम करते. ते वाक्य कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. वरिष्ठांच्या तोंडून कनिष्ठांच्या कानात ते फेरी घेताना, चहा पिताना, उतरते. भारतातील सिकलसेल सौम्य असतो हीदेखील बराच काळ शिकविली गेलेली एक समजूत, आणि तिला काही शास्त्रीय आधारही होता. पण नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी जन्मापासून मुलांचा पाठपुरावा करून दाखविले की मध्य भारतातील हा आजार पुष्कळदा चांगलाच तीव्र असतो. गटाविषयीचे खरे विधानसुद्धा समोरच्या एका मुलाच्या वेदनेपुढे ठेवले की खोटे होऊ शकते.

आणि प्रश्नाचे व्याकरणही पाहावे. मराठीने आदरार्थी बहुवचन ही फार मोठी देणगी आपल्याला दिली आहे. एकाच टेबलाशी, एकाच सकाळी, दुकानदाराच्या पत्नीला ‘बसा काकू, काय होतंय?’ असे विचारणारे तोंड तिच्या मागे उभ्या असलेल्या साठीच्या कोलाम म्हाताऱ्याला ‘ए, सरक तिकडं, कुठं दुखते तुले?’ असे विचारते. ज्याला ‘तू’ म्हणून प्रश्न केला त्याचे उत्तर ऐकण्यापूर्वीच आपण त्याची किंमत ठरविलेली असते, आणि म्हातारा ते ओळखून अर्धेच सांगतो. निदान तेथेच अर्धे राहते.

ज्या घरांतून हे रोगी येतात त्याच घरांतली मुले डॉक्टर झाली तर हे बदलेल, असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण त्या मुलांना विद्या कशी मिळते? दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी आमच्याच विदर्भातील प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; २००७ च्या तिच्या अहवालात अध्यापन, परीक्षा आणि वसतिगृह या तिन्ही ठिकाणच्या भेदभावाच्या तक्रारी नमूद आहेत. २२ मे २०१९ रोजी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपविले. त्या जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजातल्या. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर छळाचा आरोप ठेवण्यात आला. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे, माझ्यासारख्याने नव्हे. मी एवढेच म्हणतो की जी संस्था आपल्यातीलच एका आदिवासी डॉक्टरला जगण्याचे बळ देऊ शकत नाही, तिने आदिवासी रोग्याला समदृष्टीने पाहण्यास विद्यार्थ्यांना शिकविले असेल, असे मानावयाला मन धजत नाही.

याच्या उलट वाटेचे उदाहरणही दूर नाही. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गोंडांना विचारले की तुमचा दवाखाना कसा असावा. आणि मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते असे ऐकल्यावर त्यांनी झोपड्यांच्या पाड्यासारखे रुग्णालय उभारले आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले. हेमलकशाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि मंदा आमटे माडिया भाषा शिकून बसले. या दोन्ही ठिकाणी प्रथम वैद्याने रोग्याचे शिष्यत्व पत्करले. सुश्रुताच्या त्या अध्यायातील उपनयन उलट दिशेने झाले, असे मी म्हणेन. व्याधाने वैद्याला दीक्षा दिली.

२०१९ पासून वैद्यकीय शिक्षणाच्या नव्या आराखड्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ आले आहेत, आणि आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेलाही जागा दिली आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामी आणि गोंडी या स्थानिक भाषा आहेत, मराठीइतक्याच. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून निघणारा प्रत्येक डॉक्टर कोठे दुखते, केव्हापासून दुखते, किती दुखते, हे तीन प्रश्न या दोन भाषांत विचारू शकला पाहिजे, आणि उत्तर समजू शकला पाहिजे. त्यासाठी वर्ग भरावा. शिक्षकाच्या खुर्चीवर पोडातील एखादी वयस्क बाई बसावी. विद्यार्थ्यांनी तिला ‘तुम्ही’ म्हणावे. आणि इतर अध्यापकांप्रमाणे तिचे मानधन वेळेवर पोहोचावे. हे ज्यांच्या हाती आहे त्यांना माझी ही हात जोडून विनंती आहे.